एक हाफ, अश्वगंधा मारके

नायगावात कुणापुढेही "थकलो बुवा" असं म्हणू नये. पुण्या-मुंबईकडे म्हटलं तर समोरचा "मीपण" म्हणतो आणि विषय संपतो. आमच्याकडे तो तिथून सुरू होतो. समोरचा माणूस आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, मग इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून एखाद्या मुळीचं नाव सांगतो. किराणा दुकानदार सफेद मुसळी सांगतो. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता शतावरी सांगतो. बँकेतला शिपाई पासबुक हातात ठेवताना रात्रभर भिजवलेल्या मेथ्या सांगतो, आणि शिल्लक बघून माझा चेहरा उतरला की डोसही वाढवून देतो. शेजारचे निवृत्त गुरुजी एकाच वेळी पाच वस्तू सांगतात, त्यांतल्या दोन मिळत नाहीत आणि एक कायद्याने विकता येत नाही. "घरी जा आणि झोप" असं सांगणारा माणूस मात्र मला उभ्या तालुक्यात भेटलेला नाही.

मुळ्यांचं हे वेड जुनंच आहे. २००० सालच्या आसपास सफेद मुसळीच्या लागवडीची लाट महाराष्ट्रभर आली होती. त्या मुसळीने कुणाचा थकवा गेला ते सांगता येत नाही, लावणाऱ्यांना मात्र चांगलाच आला. नवी गोष्ट एवढीच की मुळी आता एकटी येत नाही. ती चहातून येते, कॉफीच्या पुडीतून येते, थंडगार बाटलीतून येते, जिममधल्या डब्यातून येते. सोबत कॅफिन असतं. अंगात तरतरी आणायचं काम कॅफिन करतं आणि नाव मुळीचं होतं.

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगावच्या आगेमागे चहाची दुकानं मोजायला लागलात तर नरसीचा चौक येईपर्यंत आकडा विसराल. त्यांतल्या निम्म्यांच्या पाटीवर 'अमृततुल्य' आहे. हा शब्द पुण्याहून निघून आमच्याकडे पोचायला बराच वेळ लागला, पण आल्यापासून तो मुक्कामालाच आहे. अशाच एका दुकानाच्या फलकावर मी वाचलं: साधा चहा १० रुपये, अश्वगंधा चहा २० रुपये, शिलाजित चहा ३० रुपये. खाली लाल अक्षरात: थकवा, कंबरदुखी, चिडचिड गायब. चिडचिड मला तोपर्यंत नव्हती. दर वाचल्यावर झाली.

"मालक, ह्यानं खरंच थकवा जातो का?"

"सर, सकाळधरनं उभा हाव मी हितं. बसलेलो बघितलाव का कधी?"

"मग तुम्ही कोणता घेता? अश्वगंधा का शिलाजित?"

"मी?" त्याने पातेल्यातला चहा फडक्यातून गाळला. "मी साधाच. मला ते सोसत नाही."

एवढा प्रामाणिक औषधविक्रेता मी दुसरा पाहिलेला नाही. तेवढ्यात एक ट्रकवाला उतरला, बाकावर पाय ताणून बसला आणि ओरडला, "एक हाफ, अश्वगंधा मारके!" मालकाने डब्यातली चिमूटभर करडी पूड पातेल्यात सोडली, उकळी आणली, ग्लास दिला. ट्रकवाल्याने दोन घोट घेतले आणि जाहीर केलं, "बघा, लगेच फरक पडायलाय." फरक पडला होता, यात शंका नाही. त्या ग्लासात वीस-तीस मिलिग्रॅम कॅफिन होतं आणि साखर तर एवढी होती की चमचा उभा राहावा. अश्वगंधेच्या शक्तीसाठी, थकव्यासाठी म्हणून ज्या काही चाचण्या झाल्या, त्यांत माणसांना रोज साधारण ६०० मिलिग्रॅम अर्क आठ-आठ आठवडे दिला आणि मग फरक मोजला. आमच्या ट्रकवाल्याला तो दोन घोटांत आला. आठ आठवड्यांनी तो चेन्नईत असेल का चंदीगडला, कोण सांगणार.

शिवाय एक गंमत आहे. वैद्य मंडळी अश्वगंधा बहुतेक वेळा रात्री, दुधातून देतात. तिच्यावरच्या आधुनिक चाचण्यांतही 'झोप सुधारली' हा निष्कर्ष वारंवार येतो. म्हणजे त्या ग्लासात एक वस्तू ट्रकवाल्याला जागवायला निघाली होती आणि दुसरी निजवायला. दोघींची भेट चिमटीच्या प्रमाणात झाली म्हणून बरं. खरोखर औषधाच्या मापाने घातली असती तर ट्रक पुढे हैदराबादकडे गेला असता की नरसीच्या चौकातच घोरत पडला असता, हे बघण्यासारखं होतं.

कॅफिन नेमकं काय करतं? दिवसभर खपताना मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की शरीराला कळतं, आता पुरे, आडवं व्हा. कॅफिन त्याच जागांवर आधी जाऊन बसतं. सुट्टीच्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर एसटी लागते न लागते तोच काही चपळ माणसं खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात. मागून रीतसर दारातून चढलेला बिचारा प्रत्येक सीटवर रुमालच बघतो आणि दांडीला लोंबकळत उभा राहतो. कॅफिन म्हणजे तो रुमाल. अडेनोसिन कुठेही गेलेलं नसतं, ते गाडीतच उभं असतं आणि त्याच्यासारखे आणखी चढतच असतात. चार-पाच तासांनी निम्मे रुमाल उचलले जातात आणि मग सगळे एकदम बसतात. रात्री साडेबाराला चहा मारून निघालेल्या ड्रायव्हरला पहाटे पाचला डुलकी का लागते, त्याचं कारण हे. थकवा कमी झालेला नसतो, तो फक्त बसायला जागा शोधत असतो.

शिलाजित चहाबद्दल मी जास्त बोलत नाही. रस्त्याकडेला तंबू ठोकून 'हिमालय की जडीबुटी' विकणाऱ्याकडे मी ते बघितलं आहे. काळंकुळकुळीत, चिकट, उन्हात पाघळणारं. पलीकडेच रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथेही पिंपात तसंच काहीतरी होतं. दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या जिनसेची हमी देत होती. एवढंच सांगतो.

बाटलीचं मात्र सांगितलं पाहिजे. गळीत हंगामात कुंटूरच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणारा ट्रॅक्टर आधी कानाला कळतो, डोळ्याला नंतर दिसतो. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दोन माणूस उंच ऊस, आणि पुढे हुडाखाली दोन भोंगे, ज्यांतून गाणं कमी आणि हादरे जास्त येतात. ड्रायव्हर पोरगा विशीतला, रात्रीचे दोन वाजलेले. त्याच्या मांडीजवळ वीस रुपयांची लालभडक पाण्याची बाटली. गाणं का एवढं मोठ्याने, विचारलं तर म्हणतो, "झोप यायलीय ना भाऊ." बाटली कशाला, विचारलं तर तेच उत्तर. तिसरा उपाय म्हणून तो दर अर्ध्या तासाने तंबाखू मळतो. झोप सोडून बाकी सगळं त्याच्याकडे आहे.

या बाटल्यांवर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचायला शेतकऱ्याचं नव्हे, सोनाराचं भिंग लागतं. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं, दिवसाला अर्ध्या लिटरवर पिऊ नये, आणि मुलांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. काही बाटल्यांवर जिन्सेंगच्या अर्काचंही नाव असतं, आणि चित्रात मात्र वीज कोसळत असते.

या थंड पेयांची कुळकथा थेट आमच्या ट्रॅक्टरवाल्याच्याच जातीची आहे. थायलंडमध्ये चालेओ योविध्या नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात रात्रभर गाड्या हाकणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांसाठी आणि मजुरांसाठी एक गोडमिट्ट पेय काढलं. डीट्रिख माटेशिट्स या ऑस्ट्रियन विक्रेत्याने ते पाहिलं, युरोपच्या चवीला जुळवलं आणि १९८७ मध्ये 'रेड बुल' म्हणून बाजारात आणलं. त्यात टॉरिन असतं. हे टॉरिन पहिल्यांदा, १८२७ मध्ये, बैलाच्या पित्तात सापडलं होतं. आता ते कारखान्यात बनतं, बैलाचा संबंध फक्त डब्यावरच्या चित्रापुरता. त्याच्याही आधी, १८८६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने कोका पानांचा अर्क आणि कोला फळाचं कॅफिन एकत्र करून जे सरबत केलं, ते तो डोकेदुखी आणि थकव्यावरचं टॉनिक म्हणून विकत होता. आणि त्याच्याही आधी १८६३ मध्ये पॅरिसमध्ये आंजेलो मारियानीने कोकाची पानं वाइनमध्ये भिजवून विकायला काढली. पोप तेरावे लिओ यांनी त्या वाइनला सुवर्णपदक दिलं आणि जाहिरातीत आपलं चित्रही छापू दिलं. कोकाच्या पानात कोकेन असतं. तेव्हा पोपमहाराजांना तरतरी वाटली असेल तर त्यात नवल नाही. झाडाचा अर्क आणि उत्तेजक एका भांड्यात घालून 'नैसर्गिक' म्हणून विकण्याची विद्या नरसीच्या चौकात जन्मली असा अभिमान कुणी बाळगू नये. आपण फार उशिरा आलो आहोत.

घरातलं मिश्रण मात्र अस्सल आपलं आहे, आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मराठी घरात कॉफी म्हणजे जायफळ घातलेली कॉफी. आमच्या भागात रोजचं पेय चहाच. कॉफी निघते ती एकादशीला, तापातून उठलेल्या माणसासाठी, किंवा जावई शहरातला असेल तर. पण निघाली की जायफळ आलंच. किसणीवर दोन-चार फेरे, की अख्ख्या घराला कळतं पाहुणे कोण आलेत. आता हेच जायफळ दुसऱ्या खोलीत सहाणेवर उगाळून तान्ह्या बाळाला चाटवलेलं असतं. कशासाठी? झोप यावी म्हणून. एकच जायफळ, एकच आजी. इकडे बाळाला निजवायला आणि तिकडे पाहुण्याला जागवायला. मी एकदा हा मुद्दा घरात मांडला.

"मावशी, जायफळानं झोप येते ना?"

"येते की."

"मग कॉफीत कशाला?"

"कॉफीनं झोप उडते म्हणून."

यावर उत्तर नाही. शास्त्रज्ञ ज्याला विरोधी परिणाम म्हणतील त्याला मावशी 'बेताचं' म्हणते, आणि खरं सांगायचं तर जायफळाची कॉफी पिऊन ना कुणी ताडकन उठून बसलेला मी पाहिला, ना कुणी लवंडलेला. थकव्यावर काहीही न करणारं, पण चवीला उत्तम असं हे एकमेव टॉनिक, आणि त्याबद्दल कुणी कसलाही दावा करत नाही. म्हणूनच मला ते सगळ्यांत विश्वासाचं वाटतं.

करोनात काढ्याचं काय झालं तेही आठवत असेल. २०२० च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने काढ्याचं रीतसर प्रमाण जाहीर केलं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. आमच्या गल्लीत तो पहिल्या आठवड्यात नाक दाबून पिण्यात आला. दुसऱ्या आठवड्यात त्यात गूळ पडला, कारण पोरं पीत नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, चिमूटभर चहापत्ती टाका, रंग येतो. चहापत्ती पडली म्हटल्यावर दूध मागे कसं राहणार. गुळाने दूध फाटायला लागलं म्हणून गुळाच्या जागी साखर आली. तुळस तोडून तोडून वृंदावनात काड्या उरल्या, तेव्हा तुळस गेली. मृगाचा पाऊस पडेपर्यंत आमच्या गल्लीत सगळे चहा पीत होते आणि त्याला काढा म्हणत होते.

आता मला जे सांगायचं आहे ते. आयुर्वेदाच्या नावाने हे सगळं चालतं तर आयुर्वेदात थकव्यावर सांगितलंय तरी काय, म्हणून चरकसंहिता उघडून बघावी. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय आहेत, म्हणजे कामाप्रमाणे लावलेले औषधांचे पन्नास गट, प्रत्येकात दहा द्रव्यं. त्यांत 'श्रमहर' नावाचा स्वतंत्र गटच आहे, श्रम हरण करणारा. माझी खात्री होती, पहिलं नाव अश्वगंधा असणार. यादी अशी निघाली: द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, फल्गु म्हणजे अंजिराच्या जातीचं फळ, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत येणारी साळ.

पुन्हा वाचा. हा काही औषधाचा कागद नाही, बाजाराची पिशवी आहे. थकलेल्या माणसाला त्या महर्षींनी चक्क खायला सांगितलंय. फळं खा, गोड खा, भात खा. अश्वगंधा चरकात आहे, पण ती बल वाढवणाऱ्या आणि शरीर पोसणाऱ्या गटांत. आजचा शीण आज घालवायच्या यादीत ती नाही. चहा-कॉफी तेव्हा नव्हती, त्यामुळे तिचा प्रश्नच नाही. यादीत भातसुद्धा आहे म्हटल्यावर मी ती गुरुजींना दाखवली. गुरुजींनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "हे बरोबर आहे, पण ह्यात ताकदीचं काहीच दिसत नाही."

मला त्या यादीतला ऊस सोडवेना. आमच्या भागातून ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी निघते, तिला एक 'कोयता' म्हणतात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडीत रचायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री. चारी बाजूंनी ऊस. म्हणजे चरकाने सांगितलेल्या श्रमहर औषधाच्या ऐन मध्यात उभं राहून ही माणसं देशातलं सगळ्यांत थकवणारं काम करतात, आणि शीण जावा म्हणून काय घेतात? काळा चहा आणि तंबाखू. तंबाखूही झाडाचंच पान आहे, चुना लावून मळला की निकोटीन लवकर सुटतं. झाडपाला आणि उत्तेजक या मेळाचा हा आपल्याकडचा जुना आणि घातक नमुना. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बंदीने एवढं झालं की पुडी काउंटरवरून काउंटरखाली गेली.

यातच बायकांची एक वेगळी ओळ आहे, ती विनोदात बसत नाही पण वगळताही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. रक्तात लोह कमी म्हणून त्यांना दम लागतो, दम लागतो म्हणून त्या चहा घेतात, आणि सकाळी भाकर चहात बुडवूनच खातात. चहातली टॅनिनं भाकरीतलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवावं, हा खर्च नसलेला उपाय आहे. पण फलकावर 'एक तास अंतर – ० रुपये' असं लिहिणारं अमृततुल्य अजून निघालेलं नाही.

हे सगळं वयस्कर माणसांचं. नवी पिढी टपरीवर थांबत नाही. पहाटे साडेचारला नायगावच्या बाहेर रस्त्यावर बघा, पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. एकेका गुणावर अख्ख्या घराचं भवितव्य टांगलेलं, तेव्हा या पोरांची चेष्टा करायचा मला हक्क नाही. चेष्टा डब्याची करतो. डबा काळा, त्यावर सिंह किंवा गोरिला किंवा कवटी. आत 'प्री-वर्कआउट' पावडर: कॅफिन, ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, शिलाजित, बीटा-अ‍ॅलनिन, आणि प्रत्येकाचं प्रमाण किती ते विचारू नये, ते कंपनीचं गुपित. एका मापात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं, म्हणजे आमच्या टपरीवरचे आठ-दहा हाफ चहा एका घोटात. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ४०० च्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

पावडर घेतली की दहा-पंधरा मिनिटांत तोंडाला, कानांना, हातांना मुंग्या येतात. पोरं खूश होतात: "लागू पडली!" त्या मुंग्या बीटा-अ‍ॅलनिनच्या असतात. त्यांचा आणि पळण्याचा त्या क्षणी काही संबंध नसतो. ते द्रव्य कामी यायचं तर आठवडेच्या आठवडे घ्यावं लागतं. पण डबा विकणाऱ्याला हे चांगलं माहीत आहे की माणसाला फरक पडण्यापेक्षा फरक जाणवणं जास्त पटतं.

कॅफिनचा पळणाऱ्याला फायदा होतो, हे मात्र खोटं नाही. शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, शर्यतीआधी तासभर, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणूनच ते एके काळी खेळाडूंसाठी निषिद्ध यादीत होतं आणि १ जानेवारी २००४ ला त्या यादीतून वगळलं गेलं. योगायोग असा की त्याच २००४ मध्ये अमेरिकेने एका वनस्पतीवर बंदी घातली. तिचं नाव एफेड्रा. हिच्या काही जाती हिमालयात उगवतात, आणि वेदातला सोम म्हणजे हीच असावी असंही काही अभ्यासकांनी म्हटलेलं आहे; म्हणजे घराणं मोठं. अमेरिकेत तिचा अर्क आणि कॅफिन मिळून गोळ्या विकल्या जात: वजन घटतं, थकवा जातो, शंभर टक्के हर्बल. २००३ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह बेकलर नावाचा तेवीस वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी उष्माघाताने गेला. एफेड्राच्या गोळ्यांचा त्यात हात असल्याचं शवविच्छेदनातून पुढे आलं. फ्लोरिडातली ती फेब्रुवारी होती. आमच्याकडचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना आणखी सांगायला नको. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हा हिशेब करण्याआधी धोतराही झाडच आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

खरं म्हणजे थकवा कसा घालवायचा ते आमच्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. फक्त ते ज्ञान त्याने बैलासाठी राखून ठेवलंय. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाच्या जू घासून घासून निबर झालेल्या खांद्याला गरम पाण्याने शेकायचं, लोणी-हळद लावून चोळायचं, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं रीतसर आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, पुरणपोळी, आणि काम बंद. दिवसभर त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, चाबूक दाखवायचा नाही. मालिश, पोटभर अन्न आणि सुट्टी. कुठल्याही शेतकऱ्याने आजवर बैलाला म्हटलेलं नाही की राजा, तुला थोडी अश्वगंधा टाकून चहा देतो, तेवढं अजून दोन एकर ओढ. बैलाचं चित्र असलेला डबा मात्र त्याचा मुलगा रात्रपाळीला पितो.

तेव्हा नायगावकडच्या वाचकांना माझी विनंती अशी. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, सोडला तर या रस्त्यावर उभं राहायलाच कारण उरणार नाही. पण दहाचाच घ्या. वरचे दहा वाचले त्याची बोरं घ्या, हंगाम नसेल तर खजूर घ्या. दोन्ही चरकाच्या यादीत आहेत. भरतीच्या पोरांनो, डब्यापेक्षा केळी आणि रात्री नऊची झोप स्वस्त पडते, आणि भरतीच्या दिवशी कधीही न घेतलेली वस्तू पहिल्यांदा घेऊ नका, एवढं तरी ऐका. छातीत धडधडलं तर पुढची फेरी मारू नका, डॉक्टर गाठा. ट्रॅक्टरवाल्या भावा, भोंगा बंद कर, गाडी कडेला लाव, वीस मिनिटं डोळे मीट. कारखान्याच्या काट्यावर रांग असतेच, तू पोचेस्तोवर ती कुठे जात नाही.

आणि तुम्ही बाहेरगावचे असाल, नरसीच्या चौकातून कधी जाणं झालं आणि अंग आंबून गेलं असेल, तर सरळ घरी या. जेवण घालतो, ओसरीवर बाज टाकून देतो. चहा उठल्यावर.